नगर जिल्ह्यातल्या मराठी मिशनच्या खेड्यातल्या मंडळ्या : उभ्या कोणी केल्या?

झुआरीकाठ
मी वास्कोत राहतो. घराणं नेवासे तालुक्यातलं, नगर जिल्हा (आता अहिल्यानगर). पणजोबांच्या आधीपासून आम्ही ख्रिस्ती, अमेरिकन मराठी मिशन या प्रोटेस्टंट मिशनच्या मंडळीतले. (मंडळी म्हणजे एका गावचा ख्रिस्ती उपासक समाज.) गोव्यात 'मी ख्रिस्ती' म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "तुमच्या गावचं फेस्त कधी?" मग सांगावं लागतं की आमच्यात फेस्त (संताचा सण) नसतं, सायबिणीची (मरियेची) मूर्ती नसते, पाळकसाहेबांना (धर्मगुरूंना) बायकामुलं असतात आणि उपासना मराठीत, पेटी-तबल्यावर चालते. लोक आपुलकीनेच विचारतात. पण हा इतिहास इथे फारसा कोणाला ठाऊक नाही, आणि आमच्या घरातल्या पोरांनाही नाही.

छापील इतिहास वाचले की तेच टप्पे भेटतात. १८१३ साली गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट मुंबईत उतरले. १८३१ मध्ये नगरला ठाणं उघडलं. १८४२ मध्ये नगरातून 'ज्ञानोदय' हे नियतकालिक सुरू झालं. १८५४ मध्ये हरी रामचंद्र खिस्ती आणि रामकृष्ण विनायक मोडक या दोघांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. सगळं बरोबर आहे. पण हा नगर शहराचा आणि बंगल्यांचा इतिहास झाला. खेड्यात मंडळी टिकली ती तिथे मुक्कामाला राहिलेल्या माणसांमुळे. शाळेचा मास्तर, त्याची बायको, बायबलबाई (बायकांना बायबल वाचून शिकवणारी), कीर्तनकार. मिशनचा गोरा साहेब घोड्यावरून यायचा, दोन दिवस तंबू ठोकायचा आणि पुढच्या गावाला जायचा. मास्तर मात्र त्याच महारवाड्यात, त्याच विहिरीच्या भांडणात, त्याच दुष्काळात असायचा.

माझं स्पष्ट मत असं की या मंडळ्या गावच्या माणसांनी उभ्या केल्या आणि त्यांची नावं आपण हरवत चाललो आहोत. तुमच्याकडे काय आठवणी आहेत? मत वेगळं असेल तर तेही लिहा.

---

वडाळ्याची सून
जय ख्रिस्त दादा! मी आता मडगावला. सासर वडाळा बहिरोबाचं, त्यामुळे धागा बघून राहवलं नाही.

तुम्ही म्हणता ते 'मास्तर' प्रकरण अगदी खरं. माझ्या आजेसासूबाई सांगायच्या, मास्तरीणबाई सकाळी पोरांना बाराखडी शिकवायच्या आणि दुपारी खुरपणीवरून परतणाऱ्या बायकांना झाडाखाली बसवून वाचून दाखवायच्या. संध्याकाळी मास्तर प्रार्थना घ्यायचे. प्रार्थना रात्रीच, कारण दिवसा सगळे दुसऱ्याच्या शेतावर मजुरीला. रविवारी सुट्टी घेतली तर मालक दुसऱ्या दिवशी कामावर घ्यायचा नाही. रविवार पाळणं हीच त्या काळी मोठी किंमत होती.

---

कुळागर
वाचतोय. पुढील भागाच्या प्रतीक्षेत.

---

नेवासकर
झुआरीकाठ, निम्मं पटतं, निम्मं नाही.

सॅम्युअल बेकन फेअरबँक हा मिशनरी १८४६ साली हिंदुस्थानात आला आणि १८५७ च्या सुमारास वडाळ्याला येऊन राहिला. बंगला होता, मान्य. पण तो खेड्यात होता, नगरच्या छावणीत नव्हता. १८९८ मध्ये तो वारला. म्हणजे चाळीसेक वर्षं त्याचं नाव वडाळ्याशी जोडलेलं राहिलं. पुढे मुलांनीही तेच काम केलं. 'दोन दिवस तंबू ठोकला आणि गेला' यात फेअरबँक बसत नाही. नगरच्या बॅलंटाइन मिशनरीचंही तसंच. त्याने मराठी गीतं रचली नसती तर मास्तरांनी गायलं काय असतं?

दुसरं. शाळा चालवायला पैसा कुठून यायचा? अमेरिकेतल्या मंडळ्यांच्या वर्गणीतून. तो पैसा आणणारा, हिशेब पाठवणारा साहेबच होता. मास्तराचं श्रेय मोठं आहेच, ते द्यायला साहेबाचं कमी करायची गरज नाही.

---

पाखरू
फेअरबँक? थांबा थांबा, हे नाव मला वेगळ्याच ठिकाणाहून माहीत आहे!

मी बोंडला आणि मोलेच्या जंगलात पक्षी बघत फिरतो. दक्षिणेत पळणीच्या डोंगरात एक लाफिंग थ्रश सापडतो, त्याचं शास्त्रीय नाव फेअरबँकाय. ते याच पाद्रीच्या नावावरून. त्याने तिथे पक्ष्यांचे नमुने गोळा केले होते, आणि गोगलगायींच्या काही जातींनाही त्याचं नाव आहे. इतकी वर्षं ते नाव उच्चारतो आहे, पण हा माणूस नेवाशाजवळच्या खेड्यात राहायचा हे आज कळलं. धाग्याबद्दल आभार.

---

वडाळ्याची सून
@पाखरू, घरी सांगितलं. सगळे म्हणाले, आमच्या गावच्या पाद्रीचं पाखरू आहे म्हणजे! आता पळणीला जायचं ठरतंय. :)

---

टाळचिपळी
मी फोंड्याकडचा, देवळातल्या कीर्तनांवर वाढलेला. कोणीतरी वर 'कीर्तनकार' लिहिलं आहे. ख्रिस्ती कीर्तन म्हणजे नक्की काय? पूर्वरंग-उत्तररंग असतो का? हरदासी बैठक की वारकरी? कुतूहल म्हणून विचारतो, कृपया सविस्तर लिहा.

---

नेवासकर
@टाळचिपळी, अगदी आवडीचा विषय काढलात.

१८६० च्या दशकात नगर भागात हे सुरू झालं. कृष्णराव रत्नाजी सांगळे हे त्यातलं मोठं नाव. ते कवी, गायक आणि उत्तम बोलणारे. फेअरबँकने पाठीशी उभं राहून प्रोत्साहन दिलं, पण कीर्तन उभं करणारे सांगळे आणि त्यांचे साथीदार. घाट हरिदासी कीर्तनाचाच. आधी नमन, मग मूळ पद, त्यावर निरूपण, मग आख्यान. साकी, दिंडी, आर्या, ओवी, सगळी वृत्तं असतात. आख्यान मात्र उधळ्या पुत्राचं, योसेफाचं, नाहीतर रूथ आणि नामीचं.

लहानपणी नाताळाच्या आठवड्यात ऐकलेलं सांगतो. शाळेच्या पटांगणात गॅसबत्ती. पुढे घोंगड्यांवर म्हातारी माणसं, मागे बायका, आणि कुंपणापलीकडे गावातले बाकीचे लोक उभे. ते आत यायचे नाहीत, पण घरीही जायचे नाहीत. बुवा पांढरं धोतर, कोट, खांद्यावर उपरणं, हातात चिपळ्या. उधळा पुत्र डुकरांच्या कोंड्याजवळ बसतो त्या जागी पेटी थांबायची, नुसता मृदंग हळू चालायचा आणि बुवा विचारायचे, "घरी बापाच्या गड्यालासुद्धा पोटभर भाकरी आहे, आणि मी?" आमच्या गावात बहुतेक माणसं दुसऱ्याची गडी. त्या 'गड्या'वर सगळं पटांगण हलायचं. बाप पोराला मिठी मारतो तिथे कुंपणापलीकडचे लोकही डोळे पुसायचे.

झुआरीकाठच्या मुद्द्याला यामुळे बळ मिळतं, हे मी मोकळेपणाने म्हणतो. हे काम कोणत्याही साहेबाच्या आवाक्यातलं नव्हतं.

---

टाळचिपळी
व्वा. देव बरें करूं! साकी-दिंडी ऐकूनच कान टवकारले. असं कीर्तन आज कोणी करतं का? कोणी करणारं असेल तर फोंड्यात बोलवायची माझी तयारी आहे, बैठकीची सोय मी करतो.

---

शेवगावचा पोर
नारायण वामन टिळकांचा उल्लेख अजून कसा नाही? मराठी ख्रिस्ती धर्माला मराठी रूप दिलं ते टिळकांनी. 'उपासना संगीत' या आमच्या गीतांच्या पुस्तकातली किती गीतं त्यांची! १८९५ ला बाप्तिस्मा, मग नगर, राहुरी. त्यांच्याआधी सगळं इंग्रजी चालीवर चालायचं.

---

झुआरीकाठ
@शेवगावचा पोर, टिळकांवर माझं अतोनात प्रेम आहे. आमच्या घरी त्यांच्या गीताशिवाय रविवार होत नाही. पण साल बघ. सांगळ्यांची कीर्तनं १८६० च्या दशकातली आणि टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा. टिळक आले तेव्हा खेड्यांत तीसेक वर्षं टाळ वाजत होते. टिळकांनी त्याला प्रतिभा दिली, भक्तीची खोली दिली, अभंग दिला. जमीन मात्र आधी नांगरून ठेवलेली होती, आणि ती नांगरणारे बहुतेक महार-मांग समाजातले गायक आणि मास्तर होते. टिळकांचं नाव महाराष्ट्राला ठाऊक आहे, या लोकांचं नाही. त्यात जातीचा भाग आहे असं मला वाटतं.

---

सत्तरीकार
स्पष्ट लिहितो, राग मानू नका. शाळेत असताना आम्हाला सांगितलं होतं की ते सगळे दुष्काळात मिशनच्या धान्यासाठी ख्रिस्ती झाले. भाकरीचे ख्रिस्ती. धाग्यावर हे कोणी बोलतच नाही.

---

वडाळ्याची सून
राग कशाला. हे आम्ही आयुष्यभर ऐकत आलो. दादा, तुम्ही किंवा नेवासकर उत्तर द्याल का? माझ्याकडे नुसत्या घरातल्या गोष्टी आहेत.

---

नेवासकर
@सत्तरीकार, विचारलंत ते बरं झालं.

मोठा दुष्काळ १८७६-७८ चा, आणि दुसरा १८९६ ते १९०० या वर्षांतला. नगरच्या आसपासच्या खेड्यांत मंडळ्या स्थापन व्हायला लागल्या १८५० च्या दशकात. म्हणजे पहिल्या मोठ्या दुष्काळाच्या वीसेक वर्षं आधी. ते लोक कोणत्या भाकरीसाठी आले?

उलट त्यांच्या तोंडची भाकरी गेली. महारकीची कामं आणि त्यावरचं बलुतं गावच्या देवकार्याशी बांधलेलं. जत्रेत ठरलेलं काम करायला नकार दिला की गाव बलुतं बंद करायचं. मेलेलं जनावर ओढणार नाही, मांस खाणार नाही म्हटलं की गाव चिडायचं, आणि जातभाईही रोटी-बेटी तोडायचे. पहिल्या पिढीने बाप्तिस्मा घेतला तो तोट्याचा सौदा पत्करून.

दुष्काळात संख्या वाढली, हे खरंच आहे. १८९९-१९०० च्या दुष्काळात नगरला मिशनने शेकडो अनाथ मुलं सांभाळली, त्यांना विणकाम, सुतारकाम शिकवलं. मिशनचे रॉबर्ट ह्यूम यांना त्या कामाबद्दल १९०१ मध्ये सरकारचं कैसर-ए-हिंद पदक मिळालं. उपाशी मूल ज्याने जेवू घातलं त्याच्याकडे राहिलं, यात त्या मुलाला खाली मान घालायला लावण्यासारखं काय आहे?

---

सत्तरीकार
सालांचा मुद्दा पटला. बलुत्याचं मला माहीत नव्हतं. 'भाकरीचे' हा शब्द मी यापुढे वापरणार नाही.

---

बार्देशकार
मी गोव्याचा कॅथलिक, प्राथमिक शाळा मराठी, म्हणून इथे वाचत असतो. आमच्या बाजूने एक निरीक्षण.

गोव्यात जुन्या काबिजादीत (पोर्तुगिजांनी आधी जिंकलेल्या भागात) सोळाव्या शतकात गावंच्या गावं बदलली. गांवकरीचा (गावची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या संस्थेचा) पुढारी बदलला की सगळा गाव बदलला, आणि चर्च बांधायला गांवकरीचाच पैसा लागला. त्यामुळे गावाची रचना तशीच आत आली. बामण, चार्डो, सुदिर हे भेद चर्चमध्येही राहिले, कोंफ्रारिया (चर्चमधली भक्तमंडळं) जातीप्रमाणे होत्या. तुमच्याकडे गाव बदलला नाही, एक वाडा बदलला. राजसत्ता पाठीशी होती, पण जबरदस्ती करणारी नव्हती. म्हणून तुमची मंडळी गरीब राहिली, पण तिला प्रत्येक घर एकेक करून मिळवावं लागलं.

आणखी एक. तुम्ही कीर्तनाबद्दल बोलता. आमच्याकडे १६१६ मध्येच थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने (जेझुइट हा कॅथलिक धर्मगुरूंचा संघ) क्रिस्तपुराण छापलं, राशोलला. अकरा हजारांच्या आसपास ओव्या, अस्सल मराठी. लोक देवळात म्हणायचे. मग १६८४ चा स्थानिक भाषांविरुद्धचा हुकूम आला. तुमचं कीर्तन टिकलं, कारण ते छापखान्यावर किंवा धर्मसत्तेवर अवलंबून नव्हतं असं मला वाटतं.

---

टाळचिपळी
बार्देशकार, फार सुंदर प्रतिसाद. स्टीफन्सने मराठीची तुलना दगडगोट्यांतल्या रत्नाशी केली आहे ते आमच्या मास्तरांनी पाठ करून घेतलं होतं.

---

झुआरीकाठ
@बार्देशकार, 'गाव नाही, वाडा बदलला' हे इतकं नेमकं मला स्वतःला मांडता आलं नसतं. पण एक पुरवणी. आमच्याकडेही जात आत आली. महार ख्रिस्ती आणि मांग ख्रिस्ती यांच्यात कितीतरी गावांत पाण्याचं आणि सोयरिकीचं अंतर राहिलं. प्रभुभोजनाच्या (भाकरी आणि द्राक्षरस वाटून घेण्याच्या विधीच्या) एकाच प्याल्यावरून कुरबुरी झाल्या. मंडळीने त्याविरुद्ध सतत बोलून, शिस्त लावून ते कमी केलं. संपलं असं म्हणणार नाही.

---

पेडणेकर
आमच्या पेडण्याच्या बाजूचं सांगतो. तेरेखोल ओलांडली की वेंगुर्ला. आजोबांच्या काळी इकडे पोर्तुगीज राज्य, दवाखाने लांब. डोळ्याचं, पोटाचं मोठं दुखणं आलं की माणूस होडीने पलीकडे, 'मिशनाच्या दोतोराकडे'. आजीचं ऑपरेशन तिथेच झालं.

ते अमेरिकनच होते ना? मग तुमच्या नगरसारख्या मंडळ्या वेंगुर्ला-सावंतवाडीच्या खेड्यांत का दिसत नाहीत? हॉस्पिटल तर केवढं नावाजलेलं.

---

मिरजवाली सिस्टर
@पेडणेकर, याचं उत्तर मला द्यायचंय. माझं नर्सिंग मिरजेला झालं, नंतर नोकरी गोव्यात.

अमेरिकन खरे, पण ते मिशन वेगळं. नगरचं काँग्रिगेशनल, आमचं प्रेस्बिटेरियन, दोन्ही प्रोटेस्टंट पंथच. रॉयल वाइल्डर १८५२ मध्ये कोल्हापूरला आले, तिथून काम पसरलं. रत्नागिरी, पन्हाळ्याजवळचं कोडोली, सांगली, मिरज, वेंगुर्ला. मिरजेला वानलेस डॉक्टरांनी १८९४ मध्ये हॉस्पिटल उघडलं. त्याची कीर्ती एवढी की गोव्याहूनही माणसं गाडीने यायची.

आता मंडळ्यांचं. कोकणात काम झालं ते मुख्यतः दवाखान्यातून आणि शहरातल्या शाळांतून. पेशंट बरा झाला की आभार मानून घरी जातो, आणि जावंच. मंडळी व्हायला नातं लागतं, रोजचा शेजार लागतो. कोडोलीला ते जमलं, आजूबाजूच्या खेड्यांत मास्तर राहिले, नातेवाइकांनी नातेवाइकांना आणलं. वेंगुर्ल्याला तेवढं नाही. म्हणजे पैसा, डॉक्टर, इमारत सगळं असूनही, गावात मुक्काम करणारा मास्तर नसेल तर मंडळी उभी राहत नाही. झुआरीकाठ दादांचं म्हणणं यातून सिद्ध होतं, असं मला वाटतं.

---

नेवासकर
सिस्टर, हा पुरावा वजनदार आहे. मी इतकंच म्हणेन की नगरलाही मास्तर तयार करायला शाळा लागल्या. मिशनच्या सिंथिया फरार यांची मुलींची शाळा घ्या. जोतीराव फुल्यांनी नगरला जाऊन ती पाहिली आणि मग १८४८ मध्ये पुण्यात आपली काढली. त्या शाळांतून शिकलेल्या मुली पुढे मास्तरीणबाई झाल्या. साहेब-मडमांनी माणसं घडवली, माणसांनी मंडळ्या घडवल्या.

---

झुआरीकाठ
हे मला मान्य आहे.

---

जालनेकर
मराठवाड्याकडून एक भर. जालन्याला नारायण शेषाद्री होते. ब्राह्मण घरातले, १८४३ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा, स्कॉटिश फ्री चर्चचे. त्यांनी जालन्याजवळ जमीन मिळवून बेथेल नावाचं ख्रिस्ती गावच वसवलं. गावाने विहीर बंद केली तर आपली विहीर खणू, हा त्यामागचा विचार. पण अशा वेगळ्या वसाहतीत माणूस गावापासून तुटतो, ही त्याची दुसरी बाजू. नगरकडचे लोक जुन्या वाड्यातच राहिले आणि रोज टोमणे खाल्ले, पण गावाशी बोलणं तुटलं नाही. कुंपणापलीकडे उभं राहून कीर्तन ऐकणारे लोक बेथेलला कुठून मिळणार?

---

शेवगावचा पोर
हंगामाच्या उपासनेबद्दल कोणी लिहा ना! आमच्याकडे अजून होते.

---

वडाळ्याची सून
लिहिते, लिहिते. सुगी झाली की एक रविवार ठरतो. त्या दिवशी दानपेटीत पैसे टाकण्यापेक्षा घरचं आणायचं. बाजरी, ज्वारीची कणसं, हरभऱ्याचे डहाळे, भोपळा, कोंबडी, अंडी, शेळीचं करडू. वेदीपुढे ढीग लागतो. कोंबडी प्रार्थनेच्या मधोमध ओरडते, पोरं तोंड दाबून हसतात. उपासना संपली की बाहेर लिलाव. पाच अंड्यांचा लिलाव अर्धा तास चालतो, कारण जो घेतो तोच ती पुन्हा दान करतो आणि बोली परत सुरू! मागे आमच्या चुलतसासऱ्यांनी एक भोपळा शेवटी एवढ्याला घेतला की तेवढ्यात शेळी आली असती. सासूबाईंनी त्याची भाजी करायला साफ नकार दिला, म्हणाल्या, हा कापायला जीव होत नाही.

त्या पैशातून पाळकांचा पगार आणि छपराचे पत्रे.

---

कुळागर
पुन्हा दान करतो, पुन्हा बोली. आमच्या देवळातल्या पावणीची (लिलावाची) आठवण झाली. डोळ्यांपुढे उभं राहिलं सगळं.

---

शेवगावचा पोर
आणि ऐक्य! सगळ्या मंडळ्यांची वार्षिक सभा. बैलगाड्या जोडून लोक नगरला यायचे, मांडवात मुक्काम, दिवसा सभा आणि रात्री कीर्तन. आजोबा म्हणायचे, गावात आम्ही मूठभर, पण ऐक्याला गेलो की वाटायचं आपण लोक आहोत. सोयरिकीही तिथेच जुळायच्या.

---

सत्तरीकार
मग या मंडळ्या आता ओस का पडल्यात? माझा एक मित्र नगरला होता, तो म्हणायचा की कितीतरी गावांत चर्चला कुलूप असतं.

---

नेवासकर
कारणं पुष्कळ. मला महत्त्वाची वाटतात ती लिहितो.

एक, १८७० च्या दशकात त्याच भागात अँग्लिकनांचं (इंग्लंडच्या चर्चचं) एस.पी.जी. मिशन आलं आणि पाठोपाठ जेझुइटही. एकाच वाड्यात तीन पंथ. भाऊ-भाऊ वेगवेगळ्या उपासनेला. शाळेच्या नोकरीवरून पंथ बदलायचे. आज हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला सप्टेंबरात जी गर्दी होते ती कॅथलिक, पण त्यात आमच्याकडचेही पुष्कळ जातात. हे लोक सगळे एकमेकांचे सोयरे.

दोन, कायदा. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीची सवलत हिंदूंपुरती ठेवली. ती पुढे १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना मिळाली, ख्रिस्त्यांना नाही. पोराच्या शिक्षणासाठी बापाने दाखल्यावर काय लिहायचं? १९५६ मध्ये बाबासाहेबांबरोबर अनेक घरं बौद्ध झाली, त्यात काही ख्रिस्ती घरंही. मी त्यांना दोष देत नाही. स्वाभिमानाचीच ती वाट होती, आमच्या आज्यांनी शंभर वर्षं आधी धरलेली.

तीन, पुणे-मुंबई. शिकलेला माणूस मास्तर, कारकून, नर्स झाला आणि गेला. शिक्षणानेच मंडळी उभी केली आणि शिक्षणानेच रिकामी केली.

चर्चच्या जमिनींच्या भानगडी सगळ्यांना माहीत आहेत. त्यावर इथे नको.

---

मिरजवाली सिस्टर
एक जोडते. १९२४ मध्ये काँग्रिगेशनल आणि प्रेस्बिटेरियन एकत्र येऊन उत्तर हिंदुस्थानची संयुक्त मंडळी झाली, आणि २९ नोव्हेंबर १९७० ला नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया. एकत्र आले ते चांगलंच झालं. पण काँग्रिगेशनल पद्धतीत गावची मंडळी आपला पाळक आपण निवडायची, सभासद हात वर करून मत द्यायचे. नंतर बिशप आले, कारभार वर गेला. म्हाताऱ्या सभासदांना ती गोष्ट फार लागली होती, असं मी ऐकलंय.

---

झुआरीकाठ
सिस्टर, अगदी. ज्या माणसाला ग्रामपंचायतीच्या ओट्यावर बसायची मुभा नव्हती, तो मंडळीच्या सभेत हात वर करत होता. मतदानाचा हक्क देशाला मिळायच्या कितीतरी आधी. बायकाही.

१९३० नंतरच्या मंदीबद्दल कोणी लिहिलं नाही, म्हणून घरची हकिकत सांगतो. अमेरिकेतून येणारा पैसा आटला आणि मिशनला खेड्यांतल्या शाळा बंद कराव्या लागल्या. आमचे पणजोबा त्यातलेच एक मास्तर. पगार थांबला. शाळेची खोली उरली, फळा उरला. त्यांनी दिवसा रोजंदारी धरली आणि रात्री कंदिलावर पोरांना शिकवणं चालू ठेवलं, प्रार्थनाही. पालक मूठभर बाजरी द्यायचे, ज्याला जमेल तो. एका घरातून नेहमी मीठ यायचं, कारण त्यांच्याकडे दुसरं काही नसायचं. पणजीने ते मीठ वेगळ्या मडक्यात ठेवलं आणि प्रभुभोजनाच्या भाकरीच्या पिठात तेच घालायची. हे आजोबांनी स्वतः पाहिलेलं.

मिशनच्या कागदांत त्या वर्षी आमच्या गावापुढे 'शाळा बंद' एवढंच असणार. पण त्या खोलीत शिकलेल्यांत पुढे दोन पाळक, एक परिचारिका आणि कितीतरी शिक्षक निघाले. पैसा गेल्यावर जे चालू राहिलं, ते कोणाचं म्हणायचं?

---

पेडणेकर
मिठाचं वाचून थांबलो. पणजोबांचं नाव कुठेतरी लिहून ठेवा.

---

बार्देशकार
झुआरीकाठ, एक उपयोगाची सूचना. आमच्याकडे बाप्तिस्म्याच्या नोंदी जपलेल्या आहेत म्हणून मला माझं घराणं मागे शोधता आलं. तुमच्या गावच्या मंडळ्यांतही बाप्तिस्मा, लग्न, सभासद यांची रजिस्टरं असणार. कुलूप लागलेल्या चर्चमध्ये वाळवी आधी पोचते. पाळकांची परवानगी घेऊन पानापानाचे फोटो काढून ठेवा. अमेरिकन बोर्डाचे, म्हणजे तुमच्या मिशनच्या मूळ संस्थेचे, कागद हार्वर्डच्या हॉटन ग्रंथालयात आहेत, ते सुखरूप राहतील. गावातली वही राहणार नाही.

---

नेवासकर
मी मे महिन्यात गावी जाणार आहे. वडाळा, सोनई आणि आजूबाजूच्या मंडळ्यांचे पाळक ओळखीचे आहेत, परवानगीचं बघतो. नेवाशाला ज्ञानेश्वरांच्या पैस खांबाचं दर्शन घेऊन पुढे जाऊ, दोन्ही होईल. कोण येतंय?

---

वडाळ्याची सून
मी येते, राहायची सोय आमच्या घरी. जुनी मोडी अक्षरं कोणाला वाचता येतात का? सासऱ्यांच्या पेटीत काही कागद आहेत.

---

टाळचिपळी
मोडी मला येते. आणि कीर्तन करणारे बुवा भेटले तर त्यांचा फोन नंबर आधी घ्या!

---

झुआरीकाठ
मी रजा टाकतो. ज्यांच्या घरात जुन्या मास्तरांची, मास्तरीणबाईंची, बायबलबाईंची, कीर्तनकारांची नावं आठवतात त्यांनी गाव आणि अंदाजे काळ लिहून मला निरोपात पाठवा. हयात माणसांची नावं इथे उघड लिहू नका. गेलेल्यांची यादी गावावार लावतो आणि मे महिन्यात रजिस्टरांशी ताडून बघतो.